वाढत्या अंगाची शाळा

५ एप्रिल, शनिवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज दुपारी दोन ते तीन आडवं पडायचं. झोप आली नाही तरी पडायचं. मी विचारलं, पडून काय करायचं? म्हणाल्या, काही नाही. काही न करणं मला जन्मात कोणी शिकवलेलं नाही, म्हणून ही वही घेऊन पडले आहे. वही म्हणजे दुकानातली जुनी मापवही. पुढून छाती, कंबर, बाही, मागून कोरी. मी मागून सुरुवात करते. सासूबाईंनी पडद्याआडून डोकावलं तर त्यांना वाटेल, ऑर्डरीच उतरवते आहे.

चौथा महिना लागला. बाहेर कोणाला सांगितलेलं नाही. मागच्या वेळी अख्ख्या गल्लीला सांगून झालं होतं, आणि पाचव्या महिन्यात अख्ख्या गल्लीला परत सांगावं लागलं. या वेळी कानाला खडा. घरातले आम्ही तिघं आणि नणंद, एवढ्यांनाच ठाऊक.

नणंदेचा आज सकाळीच फोन. "वहिनी, शाळेत नाव घातलंस का?"

मी म्हटलं, "कोणाचं?"

"अगं, बाळाचं! आता जन्माआधी नावं घेतात. माझ्या धाकट्याच्या वेळी मी दोन महिने उशीर केला, तर आता रोज बसने गाव ओलांडून जातो बिचारा."

ज्याचं वजन अजून माझ्या कात्रीपेक्षा कमी आहे त्याला शाळेत जायला उशीर झाला म्हणे! मी हसण्यावारी नेलं. पण फोन ठेवल्यापासून एका शर्टाची कॉलर दोनदा उलटी लावली.

चहाच्या वेळी नवऱ्याला विचारलं, "शाळेचं काय करायचं?"

तो म्हणाला, "बघू."

बघू हा त्याचा लाडका शब्द. गळका नळ बघू, माळ्यावरची पेटी बघू. तो काचा बसवतो. काचेच्या माणसाला घाई चालत नाही हे मला मान्य आहे, पण मूल काही खिडकी नाही.

८ एप्रिल, मंगळवार

मला युक्ती सुचली आहे आणि मी स्वतःवर खूश आहे.

आमचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. मी कापते आणि शिवते, सासूबाई काजं-बटणं करतात. बारा वर्षं शाळांचे गणवेश सोडून दुसरं काही शिवलेलं नाही. नवे शिवतो तसे जुने दुरुस्तीलाही येतात. म्हणजे गावातल्या प्रत्येक शाळेत पोरांचं काय होतं ते सगळं माझ्या टेबलावर येऊन पडतं. शितावरून भाताची परीक्षा करतात, मग मला गुडघ्यावरून शाळेची करायला काय हरकत?

मोठ्या रस्त्यावरच्या शाळेचा गणवेश राखाडी. तो वर्षभराने दुमड सोडायला येतो तेव्हाही नव्यासारखा असतो. घडी मोडलेली नाही, खिसा फाटलेला नाही. फक्त उजव्या बाहीचा कफ चावलेला. एकाचा नाही, दहांतल्या सहांचा.

चढावरच्या शाळेचा गणवेश निळ्या चौकड्यांचा. त्याचे गुडघे गेलेले, काखा उसवलेल्या. खिशात खडे, दोऱ्या, एकदा तर जिवंत गोगलगाय. सासूबाईंनी तिला "बाई, तू चुकून इथं आलीस" असं म्हणत कुंडीत नेऊन सोडलं.

म्हणजे उघड आहे. राखाडीत पोरं घाबरून बाह्या चावतात, चौकडीत पोरं खेळतात. आपली चौकडी! शिवाय चालत दहा मिनिटांवर.

नवऱ्याला हे सगळं समजावून सांगितलं. तो खाली मान घालून ऐकत होता. मग उठला आणि वरच्या फळीवरचे कापडाचे तागे एकेक करून खालच्या फळीवर ठेवायला लागला. मी एवढं बोलते आहे आणि ह्याला आवराआवर सुचते! चढायचं स्टूलही उचलून कुठे ठेवलंय कोण जाणे, सापडत नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

युक्ती गेली पाण्यात.

सकाळी राखाडी शाळेतल्या एका मुलीची आई आली. रुग्णालयात परिचारिका आहे, नेहमीची. मी कफ दाखवून जरा कळवळ्यानेच विचारलं, "घाबरते का हो शाळेत?"

ती हसत सुटली. "घाबरते कसली! गणितं सोडवताना चावते. घरीही. हिच्या बापाने तर लग्नाच्या कोटाची बाही चावली होती."

दुपारी चौकडीवाल्या एका मुलाचे आजोबा आले. दोन्ही गुडघे फाटलेली पँट. मी कौतुकाने म्हटलं, "खेळतो वाटतं खूप?"

आजोबांनी पँट घडी करून टेबलावर ठेवली आणि मग म्हणाले, "ढकलतात त्याला." घडीवरून हात फिरवून म्हणाले, "आता कमी झालंय. बाईंनी लक्ष घातलं."

आता सांगा! चावलेला कफ सुखाचा आणि फाटलेला गुडघा दुःखाचा? की काही सुखाचे आणि काही दुःखाचे, आणि आपल्या वाट्याला कोणता ते आधी कळायची सोय नाही? मी त्या पँटच्या गुडघ्यांना आतून दुहेरी अस्तर लावलं. आजोबांनी सांगितलं नव्हतं.

१५ एप्रिल, मंगळवार

नणंदेने आज गावाबाहेरच्या बिनगणवेशाच्या शाळेत नेलं. बिनगणवेशाची शाळा म्हणजे माझ्या पोटावर पाय, पण म्हटलं मन मोठं करावं.

तिथे घंटा नाही, बाक नाहीत, परीक्षा नाहीत. चार मुलं जमीन खणत होती. मी विचारलं, "काय लावताय?" त्यातली एक म्हणाली, "काही नाही. खणतोय." मुख्याध्यापिकाबाई फार गोड बोलल्या. म्हणाल्या, "काय शिकायचं ते मूलच आपल्याला सांगतं. आपण फक्त ऐकायचं."

मी म्हटलं, "माझं अजून काही बोलत नाही."

नणंदेने चिमटा काढला.

एका मुलीला बाहुलीची पिशवी शिवायची होती आणि सुईत दोरा ओवला जात नव्हता. मी खाली बसून तिला दाखवलं. मग दुसरी आली, मग तीन आणखी. नणंद दारात घड्याळ बघत उभी होती आणि मी तासभर जमिनीवर. फार बरं वाटलं. परत येताना पक्कं ठरवलं की हीच शाळा. बस सुटल्यावर वाटलं, पण नुसतंच खणायचं म्हणजे काय? पुढे काय लावणार? घरी येईपर्यंत ठरवलेलं मोडलं.

एक ना धड भाराभर चिंध्या म्हणतात, ती अवस्था माझी. आणि चिंध्यांत तर माझा हात कोणी धरणार नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

आज भांडण झालं. नीट लिहिते, म्हणजे माझं कुठे चुकलं ते मला कळेल. माझं चुकलंच नसेल तर तेही कळेल.

चढावरच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा नवऱ्याला फोन आला होता. अकरा काचा फुटल्यात, बसवून द्याल का? त्याने नाही म्हणून सांगितलं. हे मला कळलं ते दुकानात, शाळेच्या शिपाईदादांकडून. ते आपल्या मुलीचा स्कर्ट न्यायला आले होते. म्हणाले, "तुमच्याकडे फार काम आहे वाटतं सध्या?"

फार काम! काल दुपारी तो मागच्या अंगणात स्वतःच्याच टेबलाची काच पुसत बसला होता.

तो घरी आल्यावर मी म्हटलं, "तू गेला असतास तर आतून शाळा बघून झाली असती. वर्ग कसे, बाई कशा बोलतात. आयती संधी."

"दुसरा कोणी बसवेल."

"तुला ती शाळा नको आहे का? मग तसं सांग. राखाडी हवी का? कोणती हवी?"

"बघू."

तेव्हा माझा तोल गेला. मी म्हटलं, "तुला काही पडलेलीच नाही. मागच्या वेळीही नव्हती."

सासूबाई आतून बाहेर आल्या. "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! पोर यायचंय अजून." मग माझ्याकडे वळून, "अगं, माप घेतल्याशिवाय शर्ट कापतेस का कधी?"

"नाही."

"मग शाळा कशी कापायला निघालीस? आणि कापायचीच तर वाढत्या अंगाची काप. पोराला पुढे बसेल अशी."

तो तोवर मागच्या दाराने गेला होता.

शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं, हे लिहिताना दिसतं आहे. पण ते खोटंही नाही. मागच्या वेळी मी रुग्णालयातून घरी आले तेव्हा तो तीन दिवस एक शब्द बोलला नाही. चौथ्या दिवशी सकाळी उठला, दाढी केली, ठेवणीतला पांढरा शर्ट काढला आणि कामाला गेला. पांढरा शर्ट! मी पलंगावरून बघत होते. काचा बसवायला पांढरा शर्ट घालून जातं का कोणी? मी भिंतीकडे तोंड केलं. झालं गेलं, ह्याचा दिवस सुरू झाला, असं तेव्हा वाटलं होतं. अजूनही वाटतं.

२० एप्रिल, रविवार

काल सकाळी थोडं रक्त दिसलं.

त्याआधीचे दोन दिवस आम्ही बोलत नव्हतो. काल तो माझी चप्पल हातात घेऊन दारात उभा होता, मी हाक मारायच्या आत.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. ठीक आहे, म्हणाल्या. असं होतं कधीकधी. ठोके ऐकवले. मी रडले. नवरा खिडकीपाशी उभा होता, तिथली एक सैल काच अंगठ्याने दाबत. त्याने मागे वळून बघितलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, इकडे या, ऐका तरी." तो म्हणाला, "येतंय ऐकू."

परत येताना चढावरून सरळ आलो असतो तर पाव तासात घर. त्याने मोठ्या रस्त्याने वळसा घातला. जातानाही तसाच घातला होता. मी म्हटलं, "अरे, शाळेवरून जाऊ ना, जवळ पडतं." म्हणाला, "इकडून सपाट आहे." परतताना त्या रस्त्याला सगळा उतार आहे! पण भांडायची ताकद नव्हती. त्याने माझी पिशवी सगळा वेळ उलटी धरली होती, कंगवा वाटेत कुठेतरी पडला.

आता तीन दिवस मशीनला हात लावायचा नाही. सासूबाई एकट्या काजं करतायत आणि मुद्दाम मोठ्याने म्हणतायत की कसं छान चाललंय.

२२ एप्रिल, मंगळवार

मशीन नाही तर कात्री तरी, म्हणून बसल्या बसल्या चौकडीचे शर्ट कापत होते. ऑर्डर आठ शर्टांची. सासूबाईंनी तुकडे जुळवले तर नऊ निघाले. नववा एवढासा. कोणत्याच इयत्तेत बसणार नाही असा. छाती किती, बाही किती, मी कुठून आणलं ते माप? हातासरशी कापला गेला. बारा वर्षांत अशी चूक झालेली नाही.

सासूबाईंनी तो उचलला, माझ्याकडे बघितलं आणि काही बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत तेव्हा जास्त भीती वाटते.

तेवढ्यात नवरा जेवायला आला. "हे कोणाचं?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "चुकून."

त्याने दोन्ही खांदे चिमटीत धरून तो तुकडा उचलला, मग टेबलावर ठेवला आणि तळहाताने सपाट केला. जेवला नाही. भूक नाही म्हणाला. बघूसुद्धा म्हणाला नाही.

मला ह्या माणसाचं काही कळत नाही. ताकास तूर लागू देत नाही. पण एक ठरवलं आहे. त्याला नसेल यायचं तर मी एकटी जाऊन नाव घालून येते. निदान काहीतरी ठरलेलं असू दे. काही ठरलेलं असलं की ते होतं, असं मला उगीच वाटायला लागलं आहे.

२४ एप्रिल, गुरुवार

जाऊन आले.

डॉक्टरीणबाईंनी चालायला हरकत नाही म्हटलं होतं. हळूहळू चढ चढले. शाळेच्या व्हरांड्यात खिडक्यांना पुठ्ठे लावलेले, त्या अकरा. आत कोणीतरी पाढे म्हणत होतं आणि मधेच सगळा वर्ग हसला. कार्यालयात एक पिकल्या केसांच्या कारकूनबाई होत्या. मी सांगितलं, येणाऱ्या मुलाचं नाव घालायचं आहे. त्यांनी कपाटातून लांबडी वही काढली. तिच्यावर लिहिलेलं, "येणारी मुलं".

"पत्ता सांगा."

मी सांगितला. त्या लिहिणार तोच थांबल्या. चष्मा वर केला, खाली केला. "हा पत्ता आहे की आमच्याकडे." मागची पानं उलटायला लागल्या. मी म्हटलं, "नाही हो, आम्ही पहिल्यांदाच."

त्यांनी वही माझ्याकडे फिरवली.

नवऱ्याचं अक्षर. तो आकडे लिहितो तसे कोणी लिहीत नाही, चौकोनी, काचेची मापं लिहिल्यासारखे. मुलाचं नाव: बाळ. अपेक्षित महिना. पत्ता. वडिलांचा व्यवसाय: काचकाम. आईचा व्यवसाय: ह्याच शाळेचे गणवेश शिवते. आणि त्या सगळ्यावर एक रेघ. पट्टी लावून मारलेली, सरळ, कुठेही न हललेली. शेवटच्या रकान्यात नाव काढल्याची तारीख. त्याच्यापुढे कारण: "पुढे बघू."

ती तारीख मला पाठ आहे. मी घरी आल्यानंतरचा चौथा दिवस.

कारकूनबाई म्हणाल्या, "मला लक्षात आहेत ते. नाव काढायला स्वतः कोणी येत नाही हो. लोक नुसतेच येत नाहीत, मग आम्ही काय ते समजतो. एवढ्या वर्षांत हे एकटेच आले. म्हणाले, जागा अडवून ठेवणं बरं नाही, दुसऱ्या कोणाला तरी मिळेल. मी म्हटलं, कारण नाही लिहिलं तरी चालेल. तर बराच वेळ पेन धरून उभे राहिले. पांढराशुभ्र शर्ट घातला होता."

मला बसायला खुर्ची दिली त्यांनी. पाणी दिलं. मग पेन पुढे केलं. "लिहिताय ना?"

मी म्हटलं, "आज नको. आम्ही दोघं येऊ."

सतरा तारखेला मी काय लिहिलं आहे ते मागे उलटून वाचलं. खोडावंसं वाटलं. खोडलं नाही. त्याला काही पडलेली नाही म्हणे!

२६ एप्रिल, शनिवार

दोन दिवस मनातल्या मनात मोठमोठी भाषणं तयार केली. आज तो दुपारी लवकर आला आणि मोरीत हात धूत होता. भाषण एकही आठवलं नाही.

मी दारात उभी राहून विचारलं, "पांढरा शर्ट का घातला होतास?"

कोणत्या दिवशी, असं त्याने विचारलं नाही. नळ चालूच राहिला.

"शाळेत जायचं होतं ना," तो म्हणाला.

मग मी नळ बंद केला, कारण तो करत नव्हता. तो रडत होता आणि ओल्या हातांनी डोळे पुसता येत नव्हते. मी माझ्या पदराने पुसले. मला आयुष्यात कधी एवढी लाज वाटली नव्हती, आणि एवढं हलकंही वाटलं नव्हतं. दोन्ही एकदम कसं वाटतं ते मला सांगता येत नाही.

बऱ्याच वेळाने मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तू बरी झालीस की सांगणार होतो. मग तू बरी झालीस. मग कशाला, असं वाटलं."

"आणि तीच शाळा का?"

तो जरा सावरला. "मी गावातल्या सगळ्या शाळांत काचा बसवल्या आहेत. सगळीकडे खिडक्या डोक्याच्या वर. पोरांनी बाहेर बघू नये म्हणून. फक्त तिथे खाली आहेत. लहान मूल बसल्या जागेवरून बाहेरचं बघू शकतं." मग म्हणाला, "म्हणून तर फुटतात."

म्हणजे हे महाशय खिडकीवरून शाळा ठरवून दोन वर्षं गप्प बसले होते, आणि मी गुडघे मोजत होते. खिडकीवरून शाळा ठरवतं का कोणी? मला हसू आलं. आतून सासूबाई म्हणाल्या, "झालं असेल तर मोरी मोकळी करा."

पण खिडक्या खाली म्हणजे वाराही लागणार. आणि त्या ढकलणाऱ्या पोरांचं काय? आणि आमचं मूल बाह्या चावणारं निघालं तर? कोणती शाळा बरोबर ते मला तिळमात्र कळलेलं नाही. उलट काल एका बाईकडून कळलं की चौथी एक शाळा निघते आहे, गणवेश हिरवा.

"नाव घालायचं का सोमवारी?" मी विचारलं. "अजून चौथाच महिना आहे. थांबू या का?"

तो हात पुसत राहिला, केव्हाच कोरडे झाले होते तरी. "जाऊ या. पण या वेळी तू लिही. माझ्याच्याने नाही व्हायचं."

"बघू," मी म्हटलं.

सोमवारी सकाळी जायचं ठरलं आहे. तो टेपही बरोबर घेणार आहे, अकरा काचांची मापं घ्यायला. पांढरा शर्ट काढून बघितला, तर पोटाशी घट्ट होतो त्याला. दोन्ही बाजूंची शिवण उसवून अर्धा अर्धा इंच वाढवला, इस्त्री केली आणि दाराला टांगून ठेवला आहे.